सर, सगळं ठीक झालं

सर, तुम्ही गेलात हे आपल्या हॉस्पिटलात सगळ्यांत शेवटी मला कळलं.

त्या गुरुवारी दुपारी मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. कुंडम गावाकडचा एक ट्रॅक्टर चालवणारा माणूस होता. चार दिवस पोट धरून घरीच बसलेला, आतडं फुटलेलं, पोटभर घाण. मी ती धुऊन काढत होते. मध्येच दार उघडून बाहेरची नर्स आत आली आणि कुजूर सिस्टरांच्या कानाशी काहीतरी बोलून गेली. मी मान वर न करता विचारलं, "क्या हुआ?" सिस्टर म्हणाल्या, "कुछ नहीं मैडम, बाहर का है," आणि पुढचा चिमटा माझ्या हातात ठेवला. मी शेवटचा टाका घातला, ड्रेसिंग झालं, पेशंटला बाहेर नेलं. मग त्यांनी मास्क खाली ओढला आणि म्हणाल्या, "मैडम, बड़े सर नहीं रहे. डेढ़ घंटा हो गया."

त्या दीड तासात आया, वॉर्डबॉय, औषधाच्या खिडकीवरचे जैन, गेटवरचा चहावाला, सगळ्यांना ठाऊक होतं. मी सिस्टरांवर रागावले नाही. पोट उघडं असताना सर्जनला घरची बातमी द्यायची नाही, हा नियम तुमचाच. मी फक्त तिथल्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ ग्लोव्ह्ज काढायचे विसरले.

आता सोळा दिवस झाले. तेरवीही झाली. सगळे तुमच्याबद्दल बोलले, छान बोलले. मी काही बोलले नाही. मला जे बोलायचं होतं ते तुमच्याशी बोलायचं होतं, आणि ते तुम्ही असताना बोलायला हवं होतं.

मी तुमच्याकडे आले तेव्हाचं तुम्हाला आठवत असेल. नवऱ्याची बँकेतून इथं बदली झाली, मदन महाल भागात घर मिळालं, अमरावतीहून सामान आलं, आणि मी नोकरी शोधत हिंडत होते. मोठ्या हॉस्पिटलांत मला विचारायचे, "मैडम, सर्जरी क्यों की? गायनी कर लेतीं." रांझीच्या वाटेवरच्या आपल्या त्या ट्रस्टच्या छोट्याशा हॉस्पिटलात तुम्ही माझे कागद पाहिलेच नाहीत. विचारलं, "अपेंडिक्स काढता येते?" मी म्हटलं, येते. "मग उद्या ये. एक आहे." दुसऱ्या दिवशी तुम्ही हात पाठीमागे बांधून पूर्ण वेळ माझ्या मागे उभे राहिलात. शेवटी म्हणालात, "चलो, जमते तुला. पण टाके असे घालून राहिली जसं कुणी मागं लागलं आहे. काहून? पेशंट झोपला आहे, कुठं पळून नाही जाणार."

ते "काहून" ऐकून मला माहेरी आल्यासारखं वाटलं होतं. तुमचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. तुमचं मराठी अर्धं वऱ्हाडाचं, अर्धं तुमच्या चेरीतालच्या गल्लीचं. तुमचा मुलगा निखिल मराठी समजायचा पण उत्तर हिंदीत द्यायचा, आणि तुम्ही दर वेळी म्हणायचे, "बघ, माझ्यापर्यंत टिकलं."

आपलं काम काही कुणी पेपरात छापावं असं नव्हतं. हर्निया, मूळव्याध, गळवं, पित्ताशयातले खडे. साखरेमुळे काळे पडलेले पाय. कारखान्यात मशिनीत गेलेली बोटं. छातीतली गाठ तीन वर्षं पदराखाली लपवून आलेल्या बाया. आपल्याकडे मोठी यंत्रं नव्हती, म्हणून तुम्ही हातानं बघायचे. पोटावर हात ठेवून डोळे मिटायचे. पेशंटला वाटायचं, साहेब प्रार्थना करतात. मी एकदा तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "अगं, डोळे उघडे असले की नातेवाइकांची तोंडं दिसतात. मग हाताला कमी कळते."

आणि तुमची ती दुसरी सवय. काही वाईट निघालं की तुम्ही नातेवाइकांना कॉरिडॉरमध्ये घ्यायचे नाहीत. सरळ वॉर्डात जायचे, पेशंटच्या पलंगावर बसायचे, त्याच्या चादरीची सुरकुती सारखी करायचे आणि त्याला सांगायचे. त्याच्या भाषेत, थोडक्यात, त्याच्या डोळ्यांत बघून.

आपलं भांडण त्यावरूनच झालं. तिवारीजींवरून.

रांझीच्या कारखान्यात लेथवर काम करणारे ते तिवारीजी. काविळीसाठी आले होते, आपल्याला वाटलं खडा अडकला असेल. उघडलं तर यकृतभर गाठी. मी तेव्हा तुमच्याबरोबर होते. बाहेर आले तर त्यांच्या बायकोनं माझे दोन्ही हात धरले. "दीदी, इनको मत बताना. ये सुन नहीं पाएँगे. मैं जानती हूँ इनको." मी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचायच्या आत तुम्ही त्यांच्या पलंगावर बसून सांगून मोकळे झाला होतात. तिवारीजी म्हणाले होते, "ठीक है साहब." मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. घरी गेले ते तसेच. जेवण सोडलं, दवाखाना सोडला, बायकोशी बोलणं सोडलं. दोन महिन्यांनी ती एकटीच आली, स्वतःचा पाय भाजला होता म्हणून. मी पट्टी करत होते, तेव्हा म्हणाली, "साहब न बताते तो दो महीना हँस लेते, दीदी."

मी तशीच तुमच्या खोलीत आले. तुमच्यापुढे आवाज चढवायची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ.

"तुम्ही सांगितलंत आणि निघून गेलात, सर. मागे त्याची बायको राहिली."

"पोट त्याचं होतं, अनघा. त्याच्या पोटाची बातमी सगळ्या घराला माहीत, आणि त्याच्याशीच काहून खोटं बोलायचं?"

"आणि त्याला ऐकायचंच नसेल तर?"

तुम्ही चष्मा काढलात. पुसला. परत घातला. "विचार करून सांगतो," म्हणालात.

त्याला अकरा वर्षं झाली. तुम्ही तुमच्या पद्धतीनं सांगत राहिलात, मी माझ्या. मी आधी कॉरिडॉरमध्ये उभी राहायचे, घरचे काय म्हणतात ते ऐकायचे, मग काय आणि किती सांगायचं ते ठरवायचे. कुजूर सिस्टरांना आपलं दोघांचं इतकं पक्कं ठाऊक होतं की घाबरट नातेवाइकांना त्या हळूच माझ्याकडे पाठवायच्या. तुम्हाला ते कळायचं. तुम्ही हसायचे. पण उत्तर तुम्ही दिलं नाहीत, आणि मीही मागितलं नाही.

मग गेला हिवाळा आला.

तुमच्या घरून काकूंनी दिलेला डबा अर्धा परत जातो हे मला दिसत होतं. पट्ट्याला तुम्ही नवीन भोक पाडून घेतलं, तेही दिसलं. सिस्टरांच्या ड्रॉवरमधून तुम्ही जळजळीच्या गोळ्या तोंडात टाकत होतात. सर, हीच तीन लक्षणं घेऊन एखादा भाजीवाला आला असता तर मी त्याला त्याच दिवशी दुर्बिणीची तपासणी करायला लावली असती. तुम्हाला मी जिन्यात, हसत हसत, एकदाच म्हटलं, "सर, एकदा पोट बघून घ्या ना." तुम्ही म्हणालात, "करू ना, करू. हे हर्निये आटपू दे." आणि मी ते सोडून दिलं. का सोडलं? तुम्ही माझे सर होतात म्हणून. मी तुमच्याहून शहाणी नव्हते म्हणून. ही कारणं मी रोज स्वतःला सांगते आणि रोज मला ती पटत नाहीत.

फेब्रुवारीत तुम्हाला आदल्या दिवशीचं जेवण जसंच्या तसं उलटून पडलं. मला खोलीत बोलावून तुम्ही ते असं सांगितलंत जसं वॉर्डातल्या कुणाचं सांगताय. तपासणी झाली. जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ. स्कॅनमध्ये बाकी सगळं स्वच्छ दिसत होतं. काढता येईल असं.

"तू करशील," तुम्ही म्हणालात.

"सर, नागपूरला चला. माझे ओळखीचे आहेत, रोज हेच करतात."

"तीस वर्षं इथल्या लोकांना मी काय सांगून राहिलो? की इथं होते, घाबरू नका, बाहेर जायची गरज नाही. आता माझ्या पोटाची वेळ आली तर मी गाडीत बसू?"

"ते वेगळं आहे."

"काहून वेगळं? हे ऑपरेशन तू माझ्यासमोर किती वेळा केलं."

तीन दिवस आपण तेच तेच बोललो. काकू चहा ठेवून निघून जायच्या. निखिल बंगलोरहून फोनवर माझ्यावर ओरडला आणि मग माफी मागून रडला. शेवटी मी हो म्हणाले. आता खरं सांगते, जे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. हो म्हणताना मला भीती होती, पण त्याच्या खाली कुठंतरी अभिमान वाटला होता. तुमच्या पोटावर माझा हात तुम्हाला चालत होता, याचा. तेवढ्या अभिमानापायी मी तुम्हाला नागपूरला ओढून नेलं नाही का? ओढून नेलं असतं तरी शेवट तोच झाला असता, असं नागपूरचे ते डॉक्टर मला नंतर म्हणाले. ते चांगले आहेत. मी त्यांच्या जागी असते तर मीही तसंच म्हटलं असतं.

ऑपरेशनच्या सकाळी, भूल द्यायच्या आधी, तुम्ही माझं मनगट धरलंत. "एक गोष्ट. शुद्धीवर आलो की पहिले मला सांगायचं. काकूला नाही, निखिलला नाही. मला. जे असेल ते."

"हो, सर."

"माझी पद्धत. तुझी नाही."

"हो."

तेव्हा जे सांगायचं होतं, ते आता सांगते. साडेनऊला मी पोट उघडलं. हात आत घातला आणि डोळे मिटले, तुमच्यासारखे. मग उघडले. पोटाच्या आतल्या पडद्यावर सगळीकडे पांढरे दाणे होते, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. आतड्यांवर होते, यकृताच्या कडेला होते, खाली ओटीपोटापर्यंत होते. स्कॅनला ते दिसले नव्हते. कुठून काढायला सुरुवात करणार? मी नुसती उभी राहिले. भूल देणारे दुबेजी मधल्या कापडी पडद्यावरून डोकावले, माझ्याकडे बघून परत मागे झाले. कुजूर सिस्टर म्हणाल्या, "मैडम, आगे?" त्यांच्या आवाजानं माझे हात चालू झाले. गाठ तशीच ठेवून मी जठराला आतडं जोडून दिलं, निदान तुम्हाला खाता यावं म्हणून. एक दाणा तपासणीला काढला. पोट बंद केलं. टाके सावकाश घातले, सर. कुणी मागे लागल्यासारखे नाही घातले.

मग मी बाहेर आले आणि कॉरिडॉरमध्ये, बंगलोरहून आलेल्या निखिलला सांगितलं. तुमच्या आधी. तो म्हणाला, "पापा को अभी मत बताइए, आंटी. आई को भी नहीं. प्लीज़." मी शब्द दिला. तोच कॉरिडॉर होता.

रिकव्हरीच्या खोलीत तुम्ही डोळे उघडले तेव्हा मी शेजारी उभी होते. मी बसले नाही. तुमच्या चादरीला हात लावला नाही. म्हणाले, "सर, सगळं ठीक झालं."

तुम्ही माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून समोरच्या घड्याळाकडे. सव्वाअकरा झाले होते. गाठ काढायची असती तर तुमच्या हातानंही एक-दीड वाजला असता. हे तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत होतं. तुम्ही घड्याळाकडे बघत राहिलात आणि मी तुमच्याकडे.

"अच्छा," तुम्ही म्हणालात. थोड्या वेळानं, "चलो. जा, चहा घे. थकली असशील."

बस्स, एवढंच. त्यानंतर सात आठवडे मी रोज संध्याकाळी चेरीतालला तुमच्या घरी येत होते. निखिलही बंगलोरला न परतता तिथंच थांबला होता. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तपासणीचा रिपोर्ट आला, तो मी पर्समध्ये ठेवला. "जरा ताकद येऊ द्या, मग पुढचं औषध बघू," मी म्हटलं. "हो ना, घाई काय आहे," तुम्ही म्हणालात. उभ्या आयुष्यात दुसऱ्याचा रिपोर्ट पहिले स्वतः उघडणारा माणूस, स्वतःचा रिपोर्ट मागत नव्हता.

पण तुम्हाला खाता येत होतं. तेवढं तरी माझ्या हातून झालं, याला मी आजही धरून आहे. मऊ खिचडी, दलिया, एकदा तर खव्याची जिलबी मागवलीत. अर्धी खाल्लीत, अर्धी मला दिलीत, आणि बोटं चाटत म्हणालात, "जोड छान बसली आहे, डॉक्टर." मला कधी तुम्ही डॉक्टर म्हटलं नव्हतं. मी पाण्याचा पेला उचलून स्वयंपाकघरात गेले आणि तिथंच उभी राहिले.

एकदा मी धीर केला होता. आठवतं? काकू मंदिरात गेल्या होत्या. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी मी..." तुम्ही लगेच म्हणालात, "ती बरगीची बाई, तिच्या जखमेतून पाणी येऊन राहिलं होतं, तिचं काय झालं?" मी त्या बाईबद्दल सांगायला लागले. किती बरं वाटलं मला! लाज वाटेल इतकं बरं वाटलं.

मग पोटात पाणी भरायला लागलं. ते काढायला मी घरीच सुई घालत होते. तुम्ही उशीवरून मान वाकवून बघायचे. "जरा तिरपी घे. हां, अशी." पिशवी भरत जायची. माझ्यापाशी करण्यासारखं तेवढंच उरलं होतं, आणि तेही तुम्ही मला शिकवत होतात. दर वेळी पाणी आधीपेक्षा लवकर भरायचं. आपण दोघं त्या पिशवीकडे बघत हर्नियात बसवायच्या जाळीबद्दल बोलत बसायचो.

आणि त्या गुरुवारी तुम्ही गेलात, मी ट्रॅक्टरवाल्याच्या आतड्यात हात घालून उभी असताना. तो वाचला आहे. परवा घरी गेला.

काल मी काकूंकडे गेले. तुमची हत्यारांची जुनी पेटी त्यांना मला द्यायची होती. पेटी मांडीवर घेऊन मी बसले, आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. ऑपरेशनच्या दिवशीच कळलं होतं. सरांनाही मी सांगितलं नाही."

काकू निवडत होत्या ती मेथी त्यांनी बाजूला ठेवली.

"मला माहीत होतं, बेटा. त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं त्यांनी. तू राउंडला गेली होतीस. म्हणाले, पसरलं आहे, दोन महिने धर. निखिलशी दुसऱ्या दिवशी ते स्वतःच बोलले."

मी म्हटलं, "मग सात आठवडे..."

"आपल्याला माहीत आहे हे तुला कळू नाही द्यायचं म्हणाले. ती रोज येते, हसून बोलते, त्यावरच तिचं चालून राहिलं आहे म्हणाले. मी एकदा म्हटलं, सांगून टाका ना पोरीला. तर म्हणाले, तिला नाही ऐकायचं, सुमन. अशी माणसं असतात, मला उशिरा समजलं." काकूंनी परत मेथी पुढे ओढली.

म्हणजे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. निखिलला, काकूंना, तुम्हाला. रोज संध्याकाळी मी दारातून आत आले की तिघं मिळून मला सांभाळत होतात.

सर, काकूंना वाटलं मला हे ऐकून हलकं वाटेल. नाही वाटलं. घरी येऊन मी ती पेटी न उघडता टेबलावर ठेवली आणि तुमच्यावर चिडले. तुम्ही कसं ठरवलंत की मला ऐकायचं नाही? मी घाबरले होते, पळत होते, ते खरं. पण तुम्ही एकदा समोर बसवून म्हटलं असतं ना, "अनघा, मला माहीत आहे," तर मी रडले असते, आणि मग आपल्याला सात आठवडे मिळाले असते. जाळीबद्दल नसतो बोललो आपण. तुम्हाला दुखतं का, भीती वाटते का, हे मी विचारलं असतं. माझ्या हातून तुमच्यासाठी काही होऊ शकलं नाही, हे मी तुमच्याजवळ म्हणू शकले असते, आणि तुम्ही मला काय म्हणाला असता ते मला आज माहीत असतं.

तिवारीजींच्या वेळी मी तुमच्याशी भांडले ते, माणसाला सांगू नये म्हणून. आज मला तुमचीच बाजू घेऊन तुमच्याशी भांडायचं आहे, सर, आणि समोरच्या खुर्चीत कुणी नाही.